टेबलाचं ते टोक

मैत्रिणींनो, तुमच्याकडे माळ्यावर नाहीतर कपाटाच्या तळाशी जुन्या कॅसेटचा एखादा डबा अजून असेलच. टाकवत नाही, आणि लावायला यंत्रही राहिलेलं नाही, अशी त्यांची गत! माझ्याकडेही आहे. इंग्लंडहून आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात एकवीस कॅसेट आहेत, आणि एकूण एक कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चिमुकल्या खुंट्या मोडलेल्या आहेत. त्या आमच्या ह्यांनी एका रात्रीत बसून मोडल्या. त्याआधी मी अकरा दिवस त्यांच्याशी अवाक्षर बोलले नव्हते.

ही हकिगत सांगायची तर आधी कॉम्प्युटरची सांगावी लागेल. कंटाळू नका. मीही त्या विषयाला कंटाळलेलीच होते.

१९७९ साली आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो. हे एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. मी साताऱ्याची बी.कॉम., लग्नानंतर घरीच. मुलगा चार वर्षांचा. भाड्याच्या घरात एकच मोठं टेबल होतं, जुन्या बाजारातून आणलेलं. एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. त्याच टेबलावर जेवण, मुलाच्या पाट्या, माझं शिवण आणि माझं पोळपाट. तिकडे ओट्यावर जागाच नव्हती.

मार्च १९८१मध्ये ह्यांनी एक जाहिरात आणून त्या टेबलावर पसरली. क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या गृहस्थांच्या केंब्रिजच्या कंपनीने झेडएक्स ८१ नावाचा कॉम्प्युटर काढला होता. तयार घेतला तर ६९.९५ पौंड, आणि सुटे भाग घेऊन घरी जोडला तर ४९.९५. तेव्हाच्या हिशेबाने आठ-नऊशे रुपये! त्या वेळी मी नणंदेचा जुना कोट अंगात घालून तिसरा हिवाळा काढत होते. ४९.९५मध्ये मला चांगला लोकरी कोट आला असता. तसं मी बोललेही. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." तुम्हाला माहीतच आहे, पुढचं वर्ष म्हणजे काय ते.

टपालाने खोकं आलं. ह्यांनी दोन रात्री डाख देऊन देऊन तो जोडला. घरभर वास. झाला तेव्हा मी बघितलं, तर काय, एखाद्या वहीएवढा काळा चपटा डबा, वजन साडेतीनशे ग्रॅम! त्याला पडदा नाही, म्हणून आमचा टीव्ही लागायचा. काही साठवायचं तर आमचाच टेपरेकॉर्डर लागायचा. टाइप करायची अक्षरं प्लॅस्टिकच्या सपाट कागदावर छापलेली, दाबलं तरी बोटाला काही कळायचं नाही. आणि स्मरणशक्ती १ के, म्हणजे १०२४ अक्षरं. आईचं एक एअर लेटर याहून मोठं असे, आणि ती तर समासातही लिहायची.

"याचा उपयोग काय?" मी विचारलं. हा प्रश्न मी पुढची दोन वर्षं विचारत राहिले, आणि त्याचंच पुढे फळ मिळालं.

संध्याकाळी टेबलाच्या एका टोकाला माझ्या पोळ्या आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा डबा. थोड्याच दिवसांत मागे खोचायची १६ केची जोडडबी आली, तीही ४९.९५ला. तिला किंवा वायरीला जरा धक्का लागला की लिहिलेलं सगळं पुसून जाई. आखूड पायाचं टेबल, त्यात माझं लाटणं! कितीदा तरी ह्यांची तासाभराची मेहनत माझ्या एका पोळीने घालवली. मग ठरलं, महत्त्वाचं काही चाललं असेल तर त्यांनी हात वर करायचा आणि मी लाटणं थांबवायचं. तव्यावरची पोळी करपली तरी चालेल!

लाटता लाटता मी पुष्कळ ऐकलं. लोकांनी घरात कॉम्प्युटर ठेवावा ही कल्पना कशी निघाली, ते ह्यांच्या तोंडून मला पाठच झालं. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० नावाच्या पेटीचं चित्र आलं. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की गावच्या एड रॉबर्ट्सने ती काढली होती. सुटे भाग ३९७ डॉलरना. तिला टीव्ही नाही, अक्षरांची पाटी नाही. समोर नुसती बटणांची रांग आणि लुकलुकणारे दिवे, आणि स्मरणशक्ती २५६ अक्षरं. तरी लोकांनी पैसे पाठवायची घाई केली. (हे रॉबर्ट्स पुढे धंदा विकून वैद्यकी शिकले आणि जॉर्जियातल्या एका लहान गावात डॉक्टर झाले. मला त्या साऱ्या मंडळींत हाच माणूस आवडतो.)

त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंच नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये तीसएक हौशी लोक जमले. त्यांनी होमब्रू कॉम्प्युटर क्लब काढला. आपलं यंत्र आणायचं, दाखवायचं, अडलेलं विचारायचं, जमलेलं सगळ्यांना वाटायचं. अगदी आपण हळदीकुंकवाला लोणच्याची कृती विचारतो तसं. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने एकदा आल्टेअरशेजारी रेडिओ ठेवला. त्या पेटीमुळे रेडिओत खरखर व्हायची, तिचाच उपयोग करून त्याने बीटल्सच्या गाण्याची चाल वाजवून दाखवली. त्यासाठी एकेक बटण खालीवर करून सारे आकडे भरावे लागले होते. भरून होतात न होतात तोच कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून! हे ऐकून मला माझं लाटणं आठवलं. स्टीव्ह वॉझ्नियाकने पहिला ॲपल दाखवला तोही याच मंडळींना.

आमच्याकडेही महिन्यातून एका शनिवारी अशी मंडळी जमू लागली. बसचा ड्रायव्हर, तारखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, दोन शाळकरी पोरं, ह्यांचे कारखान्यातले सोबती. एरवी या माणसांची एकमेकांशी गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. एक पोरगा तर धड बोलायचाही नाही, पण कुणाचं अडलं की उठून गुपचूप दोन अक्षरं बदलून द्यायचा. मी चहा करायची आणि कांदाभजी तळायची. १ केमध्ये काय काय मावतं यावर त्यांची चढाओढ चाले. डेव्हिड हॉर्न नावाच्या माणसाने तर ६७२ अक्षरांच्या जागेत बुद्धिबळ खेळणारा कार्यक्रम बसवून दाखवला. तो मासिकात छापून आला तेव्हा या लोकांना लग्न ठरल्याचा आनंद!

सप्टेंबरात लंडनला वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये या यंत्रांची पहिली जत्रा भरली, तिलाही आम्ही तिघं थालीपिठांचा डबा घेऊन गेलो. बाहेर ही लांबलचक रांग! पुरुषच पुरुष. मी मुलाला घेऊन पायरीवर बसले. शेजारी एक इंग्रज बाई विणत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचेही आत आहेत का?" तेवढंच, पण त्या परक्या देशात मला फार बरं वाटलं.

आता, या हौसेत बायका नव्हत्याच असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. मग हळूहळू वाचनात आलं. आमचा तो काळा डबा स्कॉटलंडात डंडी गावी टायमेक्सच्या घड्याळांच्या कारखान्यात जोडला जाई, आणि तिथे कामावर बायकाच अधिक. ॲपलचे पहिले कॉम्प्युटर १९७६मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या आईवडिलांच्या घरी जुळवले गेले. त्याची धाकटी बहीण टीव्ही बघत बघत त्या पट्ट्यांत चिपा खोचायची, एका पट्टीला एक डॉलर मजुरी. आणि कॅलिफोर्नियाच्या रॉबर्टा विल्यम्स! दोन लहान मुलांची आई. तिने १९८०मध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका रहस्यमय घराचा खेळ रचला, चित्रंही काढली. नवऱ्याने तो कॉम्प्युटरवर चढवला. घरीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून तो विकायला ठेवला आणि त्यातून त्यांची मोठी कंपनी उभी राहिली. तिच्याही टेबलावर त्या वेळी जेवणाची भांडी असतीलच ना? कुणी लिहीत नाही एवढंच.

माझं स्वतःचं काम होतं वाचायचं. तेव्हा मासिकांत कार्यक्रम छापून येत, ओळीच्या ओळी. ते आपण हाताने यंत्रात भरायचे. नजर मासिकावर आणि बोटं पाटीवर असं जमेना, म्हणून मी वाचायची आणि हे भरायचे. "दहा, लेट ए बरोबर शून्य." "ओ की शून्य?" "शून्य म्हटलं ना!" एक स्वल्पविराम चुकला तर सगळं बिघडायचं. पाळणा हलवावा तशा एका सुरात मी वाचत राही, मुलगा तिथेच पेंगून जाई. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की मी वाचते आहे ते मला कळतंय! कुठून कुठे उडी मारायची, केव्हा परत फिरायचं. विणकामाच्या नमुन्यात असतं तसंच. दोन सुलट, एक उलट, ओळ संपेपर्यंत पुन्हा तेच.

"उपयोग काय?" हे माझं पालुपद मात्र चालूच होतं. शेवटी १९८३च्या जानेवारीत हे म्हणाले, "थांब, तुला घरखर्चाचा हिशेबच करून देतो." आणि लिहायला बसले. पहिल्या आठवड्यात त्यांचा तो हिशेब दर सोमवारी मागची शिल्लक विसरून शून्यापासून सुरू व्हायचा. मी म्हटलं, "अहो, शिल्लक पुढे ओढायची असते. एवढं तर आमच्याकडे अकरावीला शिकवतात." मग मी वहीवर आखून दिलं, जमा कुठे, खर्च कुठे, शिल्लक कशी खाली आणायची. त्यांनी तसं बसवलं. चाललं! दूध, गॅस, कणीक, बसभाडं. पडद्यावर खाली शिल्लक उमटली तेव्हा, खरं सांगते, मला भारी कौतुक वाटलं. आमचे टीव्हीवाले सोमवार-बुधवार, म्हणजे माझी 'कोरोनेशन स्ट्रीट' मालिका, त्यापायी मी आनंदाने सोडले.

त्या दिवाळीच्या सुमारास माझ्या भावाने वाईला टेपरेकॉर्डर घेतला होता. फोन करणं परवडायचं नाही. म्हणून त्याने आईला समोर बसवून एक कॅसेट भरली आणि इकडे येणाऱ्या एका गृहस्थांबरोबर पाठवली. फेब्रुवारीत ती माझ्या हाती पडली. एका बाजूला भाच्यांची गाणी, दुसऱ्या बाजूला अर्धा तास आई. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसतं खाकरणं आणि मग, "हं, झालं का रे सुरू?" मी दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकायची ती रविवारी निवांत, म्हणून राखून टेपरेकॉर्डरमध्येच ठेवली.

शनिवारी रात्री ह्यांनी हिशेबाचा कार्यक्रम साठवला. हाताला लागली ती कॅसेट पहिल्यापासून लावून. एकदा भरायला चारएक मिनिटं लागत. आणि टेपचा भरवसा नाही म्हणून ही हौशी मंडळी प्रत्येक गोष्ट दोनदा-तीनदा भरून ठेवत. ह्यांनी तीनदा भरली.

रविवारी चहा घेऊन मी बटण दाबलं, तर "हं, झालं का रे सुरू"च्या जागी कर्कश घरघर. चौदा मिनिटं. मग मध्येच, एका वाक्याच्या पोटात, आई सुरू.

मी भांडले नाही. भांडायलाही सुचलं नाही. ह्यांना कळलं तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "आईंना दुसरी भरून पाठवायला सांगू या." दुसरी! अकरा दिवस मी पोळ्या वाढल्या, डबा दिला, पण बोलले नाही. काळा डबा खोक्यात गेला. शनिवारची मंडळी आली त्यांना ह्यांनी दारातूनच परत पाठवलं. ते तारेवाले आजोबा जाताना मला म्हणाले, "काही बिघडलं का, मिसेस?" माझ्या तोंडून "नो, नो" निघालं आणि मी आत जाऊन रडले.

अकराव्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर हे टेबलाशी. समोर माझ्या सगळ्या कॅसेट, हातात छोटा पेचकस. प्रत्येकीच्या पाठीवरच्या खुंट्या मोडत होते. त्या मोडल्या की रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही, वरून काही भरता येत नाही. कॉम्प्युटरच्या कॅसेटना ते हे नेहमी करायचे. माझ्यांना करायचं कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "झोपा आता, उद्या कारखाना आहे." एवढंच.

मला राग नुसता त्यांचा नव्हता, मैत्रिणींनो. "उपयोग काय" म्हणून मीच डिवचलं होतं, आणि तो हिशेब आखून दिलेलाही माझाच.

आईला पत्र टाकलं. तिने उलट टपाली लिहिलं, "पावसाळ्याआधी लोणची-पापडांची गडबड आहे. पाऊस सरला की दुसरी भरते." त्याच श्रावणात ती गेली. मला वेळेवर पोचता आलं नाही.

१९८६मध्ये आम्ही परत आलो. काळा डबा कुणा पोराला दिला. एव्हाना त्याची मजल दीड वाटेवर राहून नवी, मोठी यंत्रं आली होती, ते सगळं तुम्हाला माहीतच आहे. कॅसेटचा डबा मात्र मी हातातल्या पिशवीतून आणला. वर्षाकाठी एकदा, आईच्या तिथीला, मी ती कॅसेट लावायची. घरघर पुढे पळवायची आणि उरलेली सोळा मिनिटं ऐकायची. २००४मध्ये टेपरेकॉर्डरच मोडला. मग तेही राहिलं.

मागच्या वर्षी मुलगा आला. आता तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. त्याने सांगितलं की तिकडे या जुन्या यंत्रांचं नव्याने वेड आलंय. केंब्रिजला त्यांचं संग्रहालय आहे, लोक जुन्या कॅसेटमधले कार्यक्रम सोडवून जतन करतात. १९७६मध्ये ६६६.६६ डॉलरना विकलेला ॲपलचा पहिला कॉम्प्युटर २०१४मध्ये लिलावात नऊ लाख पाच हजार डॉलरना गेला! हे म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो." मी म्हटलं, "आपला तो नव्हे. आणि तोही तुम्ही देऊन टाकलात."

मुलाने एक बरा टेपरेकॉर्डर मिळवून आणला होता. (तुम्हीही असं काही करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. जुनी कॅसेट माळ्यावरून काढून लगेच लावू नका. आतली फीत सैल असेल तर पेन्सिल घालून हलक्या हाताने घट्ट करा, आणि फितीमागचा लहानसा नमद्याचा तुकडा जागेवर आहे ना ते बघा. यंत्राची रबरी चाकं चिकट झाली असतील तर ती फीत गिळतात. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहा. आणि वाजवाल ते पहिल्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये भरून घ्या, दुसरी संधी मिळेलच असं नाही.)

त्याने लॅपटॉपला वायर जोडली आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. मी सवयीने पुढे पळवायला हात केला, तर म्हणाला, "राहू दे आई, मला हेही हवंय." ती घरघर म्हणजेच अक्षरं ना! लॅपटॉपमध्ये झेडएक्स ८१ची नक्कल करणारा कार्यक्रम होता, त्यात ती भरली. पहिली प्रत फुकट गेली, दुसरीही. तिसरी लागली. पडद्यावर त्या जुन्या ओबडधोबड अक्षरांच्या ओळी.

ह्यांना एकोणऐंशी पूर्ण झाली आहेत, कानाने कमी ऐकतात. पण मुलगा बटणाकडे वळला तसे एकदम ओरडले, "रन म्हणू नकोस! आकडे पुसले जातील. गोटू म्हण!" त्या यंत्रात तसंच होतं. रन म्हटलं की साठवलेले आकडे जातात, गोटू म्हणून ओळीचा आकडा दिला की राहतात. चाळीस वर्षांनी हे त्यांच्या डोक्यात होतं, आणि सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही.

आकडे आले. फेब्रुवारी १९८३. दूध, गॅस, कणीक, बसभाडं, तीन एअर लेटरं. खाली शिल्लक, मागच्या आठवड्यातून नीट ओढून आणलेली. मी चष्मा लावून बेरीज तपासली. बरोबर होती.

आम्ही तिघं पडद्यावर वाकलेलो, आणि टेप बंद करायची राहूनच गेली होती. घरघर थांबली. मग आईचा आवाज, वाक्याच्या मधूनच, "...नाहीतर बुरशी धरते. आणि जावईबापूंना म्हणावं, रात्रीचे फार जागत जाऊ नका, डोळे जातील."

ह्यांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणाल्या?"

मुलाने विचारलं, "पुढे जाऊ दे का?"

मी म्हटलं, "नको. पहिल्यापासून लाव. घरघरीसकट."